सांडवा आधी, गिरणी नंतर

 

मी खनिज प्रक्रियेच्या कारखान्यांचे आराखडे करतो. खाणी राजस्थानात, झारखंडात, विदर्भात. पण त्यांचे नकाशे पुष्कळदा नोएडा आणि गुरुग्रामच्या ऑफिसांत काढले जातात. खाणीतल्या पाण्याशी संबंध असलेली दोन सरकारी कार्यालयंही याच भागात आहेत. केंद्रीय भूजल मंडळाचं मुख्यालय फरिदाबादला आहे आणि खाण सुरक्षा महासंचालनालयाच्या उत्तर विभागाचं कार्यालय गाझियाबादला. त्यामुळे दिल्लीत खाण दिसत नसली, तरी खाणीतल्या पाण्याची चर्चा इथे बरीच होते.

आजचा विषय आहे जमिनीखाली बसवलेली खनिजाची गिरणी, तिथलं पाणी आणि तिथली सांडलवंड. विषय दूरचा वाटेल, पण शेवटी तो तुमच्या सोसायटीच्या तळघरापर्यंत येणार आहे.

आधी गिरणी म्हणजे काय ते सांगतो. खाणीतून निघालेल्या दगडात तांबं, जस्त, शिसं अगदी थोडं असतं. ते वेगळं करायचं तर दगड आधी भरडायचा आणि मग बारीक दळायचा. हे दळण कोरडं नसतं. घरी इडलीचं पीठ वाटतो तसं पाणी घालून वाटायचं. मोठ्या फिरत्या पिंपात पोलादी गोळे असतात, त्यात दगड आणि पाणी जातं आणि बाहेर राखाडी रबडा येतो. त्याला आम्ही स्लरी म्हणतो. पुढे फ्लोटेशनच्या टाक्यांत तिच्यात हवा सोडतात. धातूचे कण फेसाला चिकटून वर येतात आणि उरलेली माती, म्हणजे टेलिंग्ज, खाली राहते.

यात पाणी किती लागतं? स्लरीत वजनाने ३० टक्के दगड आणि ७० टक्के पाणी धरा. म्हणजे एक टन दगडामागे सव्वादोन टनांहून थोडं जास्त पाणी. दिवसाला १,००० टन दळणारी गिरणी आमच्या धंद्यात लहानच म्हणायची. तिच्यात तासाला साधारण ९७ हजार लिटर पाणी फिरत असतं. दगड धरून मिनिटाला सुमारे १,९०० लिटर स्लरी एका टाकीतून दुसरीत जाते. कुठे पाइप तुंबला आणि दहा मिनिटं कुणाचं लक्ष गेलं नाही, तर १९ हजार लिटर रबडा फरशीवर. म्हणजे रस्त्यावर दिसणारे पाण्याचे दोन टँकर.

जमिनीवरच्या कारखान्यात हे झालं तर ओरडा होतो, अंगण भरतं, आणि दुसऱ्या दिवशी लोडर लावून माल उचलतात. वाईटच, पण निभावतं. जमिनीखाली अंगणच नाही. सांडलेलं पाणी उतरत जातं, आणि खाली माणसं काम करत असतात.

मग गिरणी खाली न्यायचीच कशाला? काही ठिकाणी दुसरा इलाज नसतो. चिलीच्या अँडीज पर्वतात कोडेल्को या सरकारी कंपनीची अँडिना नावाची तांब्याची खाण आहे. ती १९७० साली सुरू झाली. तिथे बर्फाचे कडे कोसळतात, म्हणून दळणाची आणि फ्लोटेशनची यंत्रं डोंगराच्या पोटात गुहा खोदून बसवली. आपल्याकडे अनेक खोल खाणींत दगड भरडायचे क्रशर खाली असतात. दळणं आणि फ्लोटेशन बहुधा वरच होतं. पण वर जागा मिळेना, जंगलाची परवानगी अवघड, आणि निरुपयोगी दगड शेकडो मीटर वर ओढायचा खर्चही मोठा. त्यामुळे प्रक्रियेचा निदान काही भाग खाली करावा, हा विचार जगभर चालू आहे.

खाली जायचं ठरलं की पहिलं काम पाण्याचा हिशेब. घरखर्चाच्या वहीसारखा, जमा आणि खर्च.

जमेकडे तीन खाती. पहिलं, आपण वरून पाइपने आणतो ते पाणी. दुसरं, दगडाच्या भेगांतून झिरपणारं. ते विचारून येत नाही आणि पावसाळ्यात वाढतं. तिसरं, आधीच फिरत असलेलं, परत वापरायचं पाणी. खर्चाकडे धातूच्या मालाबरोबर जाणारा ओलावा, टेलिंग्जबरोबर जाणारं पाणी, हवेबरोबर बाहेर पडणारी वाफ, आणि पंपाने वर फेकलेलं पाणी. दोन्ही बाजू जुळल्याच पाहिजेत. जुळत नसतील तर फरकाचं पाणी कुठेतरी साचतंय, आणि ते आपल्या वहीत नाही. माझ्या अनुभवात सर्वात धोकादायक पाणी हेच.

एक साधं गणित सांगतो. फरशी धुण्याची नळी मिनिटाला ५० लिटर पाणी देते. कामगाराने ती चालू ठेवली आणि चहाला गेला, आणि ती तशीच चालू राहिली. दिवसाला ७२ हजार लिटर. गिरणी ३०० मीटर खोल असेल तर हे सगळं पाणी ३०० मीटर वर चढवायचं. पंप आणि मोटर मिळून ६० टक्के कार्यक्षम धरले, तर दिवसाला ९८ युनिट वीज. वर्षाला पस्तीस हजार युनिटच्या वर. एका नळीची ही किंमत! म्हणून आमच्या आराखड्यात धुण्याच्या नळीला सोडलं की आपोआप मिटणारा चाप असतो. पन्नास हजारांच्या मीटरपेक्षा हा चाप जास्त काम करतो.

असंच दुसरं गळतं खातं म्हणजे पंपांची गंड. स्लरीच्या पंपाच्या दांड्याभोवती स्वच्छ पाणी दाबाने सोडावं लागतं, नाहीतर वाळू शिरून दांडा खातो. दहा पंप असले की दहा ठिकाणांहून नवं पाणी आत येत राहतं. ज्या जागी बिनपाण्याचं सील चालतं, तिथे ते वापरायचं. कारण खाली आत घेतलेला प्रत्येक लिटर कधीतरी वर काढावाच लागतो.

आता सांडलवंडीकडे येऊ. यासाठी लागणारे शब्द आपल्या घरात आणि गावात आहेत: ढाळ, मोरी, उंबरठा आणि सांडवा.

ढाळ म्हणजे फरशीचा उतार. गवंडी बाथरूमला जो ढाळ देतो तो साध्या पाण्यापुरता. स्लरीला तेवढा पुरत नाही. पाणी पुढे जातं आणि वाळू मागे बसते. म्हणून गिरणीची फरशी वीसात एक ते चाळीसात एक इतक्या उताराने ओततात. चालताना पायाला जाणवतो. खोदकाम वाढतं म्हणून हा ढाळ कापायचा मोह प्रत्येक प्रकल्पात होतो. कापला की पुढची वीस वर्षं फावडं घेतलेला एक माणूस तिथे उभा करावा लागतो.

मोरी म्हणजे सगळं पाणी जिथे गोळा होतं तो खड्डा. आमच्या भाषेत सम्प. मराठीत लिहिताना 'संप' लिहिलं की व्यवस्थापनाला घाम फुटतो, म्हणून मी जोडाक्षर वापरतो. या सम्पात उभ्या दांड्याचा पंप टांगतात. त्याची मोटर आणि बेअरिंग पाण्याच्या वर असतात, बुडालेल्या भागात खराब होण्यासारखं फार थोडं असतं. पंप दोन हवेत. एक चालू, एक तयार.

उंबरठा म्हणजे प्रत्येक विभागाभोवतीचा बुटका बांध. दळणाची सांडलवंड दळणाच्याच मोरीत जावी, फ्लोटेशनची फ्लोटेशनच्या. रसायनांच्या खोलीला तर पूर्ण वेगळा उंबरठा आणि वेगळी मोरी. फ्लोटेशनमध्ये झँथेट नावाचं रसायन वापरतात. ते कुजलं की त्यातून कार्बन डायसल्फाइड निघतो. हा विषारी आहे आणि पेटतोही. असं रसायन आणि दुसऱ्या टाकीतलं आम्ल एकाच मोरीत भेटता कामा नये.

आणि सांडवा. हा शब्द धरणाचा. धरण बांधणारा इंजिनिअर आधी विचारतो, पाणी जास्त झालं तर ते कुठून जाईल? धरण भरणार नाही, असं गृहीत धरून कुणी बांधत नाही. गिरणीतल्या प्रत्येक टाकीलाही हाच प्रश्न विचारायचा. ही टाकी भरून वाहिली तर माल कुठे जाईल? तिथून पुढे कुठे? तेही भरलं तर? नकाशावर बोट ठेवून तीन वेळा विचारायचं. तिसऱ्या उत्तराला बोट जिन्यावर, विजेच्या खोलीवर किंवा माणसांच्या वाटेवर आलं, तर तो नकाशा परत टेबलावर.

सांडव्याची खरी परीक्षा वीज जाते तेव्हा होते. दिल्लीत वीज गेली की पंखा थांबतो. गिरणीत वीज गेली की वरचं सगळं खाली येतं. स्लरी पाइपमधून सेकंदाला दीड-दोन मीटर वेगाने पळत असते, म्हणून वाळू तरंगत राहते. पंप थांबला की वाळू बसायला लागते. उभ्या पाइपात ती सगळी तळाशी येऊन डाट बसतो, आणि मग तो पाइप कापावा लागतो. ते टाळायला पाइप ताबडतोब रिकामा करायचा. ३०० मीटर उंच, २०० मिलिमीटर व्यासाच्या एका पाइपात साडेनऊ हजार लिटरच्या आसपास माल असतो. असे दोन पाइप असतील, फ्लोटेशनच्या टाक्या असतील, तर त्या एका क्षणी काही टँकर भरतील इतका माल खाली येणार, आणि नेमके तेव्हाच मोरीतले पंप बंद असणार. म्हणून मोरीच्या शेजारी आणखी एक मोठी रिकामी जागा लागते. ती वर्षातले ३६० दिवस रिकामीच असते.

ही रिकामी जागा वाचवणं हे माझ्या कामाचं सर्वात अवघड अंग आहे. कारण खडकात खोदलेला प्रत्येक घनमीटर महाग. गुरुग्रामला एका प्रकल्पाच्या बैठकीत हाच वाद पेटला होता. खर्च बघणाऱ्यांचं म्हणणं, ही गुहा निम्मी करा, इतका माल एकदम कधी सांडतो? आकडेवारीवर दोन्ही बाजू अडल्या होत्या. खाणीवरून आलेले एक फोरमन मागे बसले होते, भंडारा जिल्ह्यातले, तीस वर्षं जमिनीखाली काढलेले. त्यांनी हात वर करून एवढंच विचारलं, "साहेब, लाइट गेली की हा माल बसणार कुठं? आमच्या पोरांच्या अंगावर?" गुहा पूर्ण आकाराची ठरली. मी दाखवलेल्या तक्त्यांपेक्षा त्या प्रश्नाचं वजन जास्त होतं, कारण त्यांनी माल कुठे जातो याऐवजी तिथे कोण उभं असतं ते विचारलं.

फावडं घेतलेल्या माणसाबद्दल थोडं बोलायला हवं. मोरीत वाळू बसते. पंप कितीही चांगला असला तरी कधीतरी कुणाला आत उतरावं लागतं. गंधकयुक्त खनिजाचा गाळ साचून राहिला तर त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघू शकतो. थोडा असताना सडक्या अंड्यांचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, हवा साफ झाली. दिल्लीत आणि आसपास गटारांत, सेप्टिक टँकांत उतरलेली माणसं असल्याच वायूंनी गेली आहेत. संरक्षक साधनांशिवाय असं माणसाला उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि तरी बातम्या थांबत नाहीत. म्हणून मोरीचा आराखडा करताना माझा नियम असा: उतरावं लागू नये अशी मोरी काढा. तळ तिरका ठेवा, गाळ ढवळायला पाण्याचा फवारा द्या, वरून बादलीने उपसता येईल इतकं तोंड मोठं ठेवा. तरीही उतरायची वेळ आलीच, तर आधी वायू मापायचा, हवा सोडायची, दोरी बांधायची आणि वर एक माणूस उभा ठेवायचा.

या सगळ्याकडे दुर्लक्ष झालं तर काय होतं, हे खाणींच्या इतिहासात लिहिलेलं आहे. झांबियातल्या मुफुलिरा या तांब्याच्या खाणीत २५ सप्टेंबर १९७० ला रात्रपाळी चालू असताना वरच्या तळ्यातला टेलिंग्जचा चिखल जमीन खचून खाली शिरला. ८९ माणसं गेली. गिरणीतून टाकून दिलेला माल खाणीच्याच डोक्यावर साठवला होता. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या ब्रॉन्झविंग सोन्याच्या खाणीत २००० साली, रिकाम्या पोकळीत भरलेल्या टेलिंग्जपुढची भिंत फुटली आणि तीन कामगार मेले. आणि आपलं धनबादजवळचं चासनाला. ती कोळशाची खाण, पण धडा पाण्याचाच. २७ डिसेंबर १९७५ ला शेजारच्या जुन्या, पाण्याने भरलेल्या कामातून पाणी घुसलं आणि ३७५ जणांचा जीव गेला. तिन्ही ठिकाणी पाणी किंवा चिखल आधीपासून जवळच होता. तो सुटला तर कुठून जाईल, याची वाट मात्र माणसांच्या कामाच्या जागेतून होती.

विदर्भातल्या श्रोत्यांना ही भरणी परकी नाही. नागपूरच्या मॉइल कंपनीच्या भूमिगत मँगनीज खाणी आहेत, नागपूर जिल्ह्यात कांद्री, मनसर, गुमगाव, भंडाऱ्यात चिखला, पलीकडे मध्य प्रदेशात बालाघाट. खनिज काढून झालेली पोकळी तशीच सोडली तर छत बसतं. म्हणून वाळूत पाणी मिसळून ती पाइपने आत सोडायची पद्धत तिथे आहे. वाळू आत बसते, पाणी बांधाच्या फटींतून निथळतं, खालच्या सम्पात येतं, निवळतं आणि पंपाने परत वर जातं. निथळणं थांबलं तर बांधामागे दाब वाढतो, आणि ब्रॉन्झविंगची आठवण येते. म्हणून तिथला जाणता कामगार बांधातून येणाऱ्या पाण्याकडे लक्ष ठेवतो. पाणी येतंय तोवर ठीक. भरणी चालू असताना ते अचानक आटलं, तर सावध व्हायचं.

आता दुसरी बाजू. खाली नको झालेलं हेच पाणी वर मौल्यवान आहे. दिल्लीहून गाडीने चार-पाच तासांवर राजस्थानात खेतडी आहे. तिथल्या तांब्याच्या खाणी १९६७ साली स्थापन झालेल्या हिंदुस्तान कॉपरकडे आहेत. कोरडा प्रदेश. अशा ठिकाणी गिरणीने गावाच्या वाट्याचं पाणी ओढलं तर भांडण होणारच, आणि रास्त भांडण. उदयपूरकडे एक चांगला मार्ग निघाला. तिथे शहराचं सांडपाणी शुद्ध करणारा २० दशलक्ष लिटर क्षमतेचा प्रकल्प २०१४ साली सुरू झाला आणि ते पाणी हिंदुस्तान झिंकच्या दरिबा संकुलाकडे जातं. शहराचं नको असलेलं पाणी कारखान्याचं कामाचं झालं.

टेलिंग्ज गाळून जवळजवळ कोरडी करण्याचं तंत्रही आता रुळतंय. गाळलेलं पाणी लगेच दळणाला परत मिळतं आणि मागे चिखलाचं तळं उरत नाही. फिल्टर महाग आहेत, वीज खातात. पण जमिनीखाली त्याचा दुहेरी फायदा आहे. पाणी कमी आणावं लागतं, आणि सांडायला मुळात कमी उरतं. मला विचाराल तर खालच्या गिरणीत हा फिल्टर पहिल्या दिवसापासून असावा. नंतर जागा मिळत नाही.

आता आपल्या दिल्लीकडे. इथल्या भूमिगत मेट्रो स्थानकांत शिरताना एक गोष्ट बघा. बऱ्याच दारांशी आधी तीन-चार पायऱ्या वर चढाव्या लागतात आणि मग जिना खाली जातो. वयस्कर माणसं वैतागतात, खाली जायचं तर वर कशाला? तो उंबरठा आहे. रस्त्यावर पाणी तुंबलं तरी जिन्यात शिरू नये म्हणून. हेच तत्त्व जिथे पाळलं जात नाही तिथे काय होतं, तेही या शहराने पाहिलंय. १९ जुलै २०२० ला मिंटो ब्रिजखाली साचलेल्या पाण्यात एका टेम्पोचालकाचा मृत्यू झाला. २७ जुलै २०२४ च्या संध्याकाळी ओल्ड राजिंदर नगरमध्ये एका कोचिंग क्लासच्या तळघरात पाणी घुसलं आणि तिथल्या वाचनालयात अभ्यास करणारे तीन विद्यार्थी बुडाले. स्पर्धा परीक्षांसाठी त्या गल्ल्यांत महाराष्ट्रातलीही कितीतरी मुलंमुली राहतात. ती बातमी आली त्या रात्री किती मराठी घरांतून फोन गेले असतील!

तळघर, सबवे आणि जमिनीखालची गिरणी, तिन्हींचं गणित एक. मुंबईने दादरच्या हिंदमाता भागासाठी जवळच्या मैदानांखाली पावसाचं पाणी साठवायच्या टाक्या बांधल्या. ती आमचीच रिकामी गुहा आहे. पावसाचा जोर असेपर्यंत पाणी धरायचं, मग सावकाश सोडायचं.

म्हणून जाता जाता चार प्रश्न देतो. तुमच्या सोसायटीचं तळघर असो, मुलांचा क्लास असो की दुकानाचं गोदाम, जरूर विचारा. बाहेरचं पाणी आत येऊ नये म्हणून दाराशी उंबरठा आहे का? आत आलंच तर ते कोणत्या मोरीत गोळा होईल? वीज गेली तर त्या मोरीतला पंप कशावर चालेल? आणि तेही जमलं नाही, तर आतल्या माणसाला वर यायला पाण्याच्या वाटेपेक्षा वेगळी वाट आहे का? एखाद्या प्रश्नाला उत्तर मिळालं नाही, तर त्या जागी गाड्या ठेवा, जुनं सामान ठेवा. माणसं बसवू नका.

गिरणीतही आम्ही हेच करतो. यंत्रं कुठे बसतील हे नंतर ठरतं. आधी सांडवा काढायचा, त्याच्या वाटेवर कुणी उभं नाही ना ते बघायचं, आणि मग बाकीचा नकाशा.

प्रश्न असतील तर जरूर कळवा. खाणीत काम केलेले कुणी ऐकत असतील, तर त्यांनी आपल्याकडच्या मोरीचा आणि पंपाचा अनुभव आवर्जून लिहावा. अशा गोष्टी पुस्तकांपेक्षा त्यांच्याकडूनच जास्त कळतात.